डीव्हीडी का रुसते?

लग्नाची कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायला बसलो होतो. मिनीडीव्ही कॅमेरा, फायरवायरची केबल, मागे घरातली चार माणसं खुर्च्या ओढून बसलेली. गौरीहर झाला, मामा नवरीला घेऊन आले, आंतरपाट धरला गेला आणि पहिल्या मंगलाष्टकाच्या मध्यावर रेकॉर्डिंग थांबलं. कॅसेट मागे घेतली, पुन्हा सुरू केलं. पुन्हा तिथंच थांबलं. तिसऱ्यांदाही तिथंच. कॅसेट खराब झाली, असं सगळ्यांचं एकमत झालं.

कॅसेट ठणठणीत होती. हार्ड डिस्क फॅट-३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेली होती आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊच शकत नाही. मिनीडीव्हीची एक तासाची कॅसेट साधारण १३ जीबी जागा खाते. म्हणजे ४ जीबी भरायला लागतात एकोणीस-वीस मिनिटं, आणि आमच्या कॅसेटमध्ये त्याच मिनिटाला आंतरपाट होता. डिस्क एनटीएफएस केली आणि लग्न लागलं.

घरच्या व्हिडिओची डीव्हीडी बनवताना काहीतरी अडतंच. बारसं, मुंज, डोहाळजेवण, आजोबांची पंचाहत्तरी, काहीही असो. ‘डिस्कच भिकार’ म्हणून माणसं ती गॅलरीत कबुतरं हाकलायला टांगतात. पण जवळजवळ प्रत्येक रुसव्यामागे असंच एक साधं, नेमकं, शोधून काढता येणारं कारण असतं. त्यातली काही कारणं इतकी रंजक आहेत की डिस्क बनवायची नसली तरी वाचावीत.

पाकिटावर ४.७, पडद्यावर ४.३८

कोऱ्या डीव्हीडीवर ४.७ जीबी छापलेलं असतं. कॉम्प्युटरला विचारा, तो ४.३८ सांगतो. मापात पाप कुणाचंच नाही. डिस्क बनवणारे एक जीबी म्हणजे सरळ शंभर कोटी बाइट्स धरतात, विंडोज १०२४च्या पटीत मोजतं. म्हणून विंडोजनं ४.५ जीबी दाखवलेलं फोल्डर ४.७च्या डिस्कवर मावत नाही आणि माणूस चक्रावतो.

त्यात आणखी एक गंमत आहे. डीव्हीडी मायनस आरवर ४,७०,७३,१९,८०८ बाइट्स मावतात आणि डीव्हीडी प्लस आरवर ४,७०,०३,७२,९९२. फरक जेमतेम ६९ लाख बाइट्सचा, म्हणजे मोबाइलवरच्या दोन-तीन फोटोंएवढा. पण मायनसच्या डिस्कवरून काठोकाठ भरलेली इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलीतली प्रत, घेतली आणि ती प्लसवर मारायला गेलात, तर सॉफ्टवेअर नाही म्हणतं. दोन्ही पाकिटांवर ४.७च लिहिलेलं असतं, त्यामुळे कारण लक्षात येत नाही.

मायनस मुळात मायनस नाही

डीव्हीडी-आरमधली ती आडवी रेघ वजाबाकीची नाही, साधी जोडरेघ आहे. पायोनिअर कंपनीनं १९९७मध्ये ही डिस्क आणली तेव्हा बाजारात ‘प्लस’ नावाचं काही नव्हतंच. फिलिप्स, सोनी वगैरेंच्या गटाची डीव्हीडी+आर २००२मध्ये आली आणि मग जुन्या रेघेला लोक मायनस म्हणू लागले. सुरुवातीचे बरेच राइटर दोहोंपैकी एकच जात ओळखायचे. ‘डिस्क टाका’ असा संदेश डिस्क आत असतानाही येत राहायचा, त्याचं कारण बहुधा हेच. पुढे दोन्ही चालणारे राइटर आले आणि ही भानगड संपली, प्लेअरच्या बाजूनं मात्र उरली.

प्लेअर डिस्क ओळखतो कशी? तिच्यावरून लेझर किती परावर्तित होतो ते पाहून. कारखान्यात छापलेली एकपदरी डीव्हीडी ४५ ते ८५ टक्के प्रकाश परत पाठवते. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू फक्त १८ ते ३० टक्के. दोन पदरांच्या छापील डिस्कचंही परावर्तन याच पट्टीतलं असतं. त्यामुळे काही जुने प्लेअर आरडब्ल्यूला दुपदरी डिस्क समजायचे, दुसरा पदर शोधत बसायचे आणि शेवटी ‘नो डिस्क’ म्हणायचे. आजोबांच्या खोलीतल्या जुन्या प्लेअरसाठी डिस्क बनवायची असेल तर आरडब्ल्यू घेऊच नका, साधी मायनस आर घ्या.

प्लसवाल्यांनी यावर एक नामी युक्ती काढली होती. प्रत्येक डिस्कवर ती कोणत्या जातीची आहे याची एक खूण असते, तिला बुकटाइप म्हणतात. काही राइटर प्लस आर लिहिताना त्या जागी सरळ ‘मी छापील डीव्हीडी आहे’ असं लिहून टाकतात. हटवादी प्लेअरही मग ती डिस्क बिनबोभाट घेतो.

“कॉम्प्युटरवर दिसतं, टीव्हीवर नाही”

ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. खरं म्हणजे बिघाड इथं कसलाच नसतो. व्हिडिओची फाइल माउसनं ओढून डिस्कवर टाकली, राइट केलं, डिस्क तयार. पण ती झाली डेटा डीव्हीडी. टीव्हीखालच्या प्लेअरला हवी असते व्हिडिओ डीव्हीडी, आणि दोन्हींत सुट्या कागदांचा गठ्ठा आणि बांधलेलं पुस्तक यांच्याइतका फरक आहे.

व्हिडिओ डीव्हीडीत ‘व्हिडिओ टीएस’ नावाचं एक फोल्डर असावंच लागतं. त्यात तीन प्रकारच्या फाइली. व्हीओबीमध्ये प्रत्यक्ष चित्र आणि आवाज, आयएफओमध्ये अनुक्रमणिका, म्हणजे कुठून सुरू करायचं, मेन्यूतलं बटण दाबलं की कुठे जायचं, आणि तिसरी बीयूपी. ही बीयूपी म्हणजे आयएफओची तंतोतंत दुसरी प्रत. डिस्कवर एका जागी चरा पडून अनुक्रमणिका गेली तर दुसऱ्या जागेवरून ती वाचता यावी, म्हणून मुद्दाम ठेवलेली. ज्यांनी हे ठरवलं त्यांना घरातली लहान मुलं डिस्का कशा हाताळतात ते चांगलंच ठाऊक असावं.

पुष्कळ डिस्कांत शेजारी ‘ऑडिओ टीएस’ नावाचं रिकामं फोल्डरही दिसतं. रिकामं आहे म्हणून अनेकांनी ते पुसून टाकलं आहे. ते डीव्हीडी ऑडिओ या वेगळ्या प्रकारासाठी राखून ठेवलेलं असतं आणि काही जुने प्लेअर ते नसलं की अडून बसतात. राहू द्या, ते काही जागा खात नाही.

एकच सिनेमा चार-पाच फाइलींत तुकडे झालेला दिसतो तो बिघाड समजू नका. व्हीओबी फाइल एक जीबीपुढे जाऊ द्यायची नाही असा नियमच आहे. त्या फाइलींची नावं बदललीत मात्र, तर अनुक्रमणिकेला पानंच सापडणार नाहीत.

विंडोज व्हिस्टा आणि विंडोज ७ या दोन्हींनी यात आणखी गोंधळ घातला. कोरी डिस्क टाकली की त्या विचारायच्या, ही पेनड्राइव्हसारखी वापरायची की प्लेअरसाठी? घाईत पहिला पर्याय दाबला की डिस्क अशा पद्धतीनं आखली जायची की घरातला प्लेअर तिला ओळखतच नसे. गंमत म्हणजे त्याच विंडोजच्या वरच्या आवृत्त्यांत ‘विंडोज डीव्हीडी मेकर’ नावाचं छान, सोपं साधन फुकट दिलेलं होतं. विंडोज ८मध्ये ते काढून टाकलं.

न्यू जर्सीच्या मावशीला पाठवलेली डिस्क

मुंजीची डिस्क अमेरिकेतल्या नातेवाइकांना पाठवली आणि तिकडे ती लागलीच नाही, हा अनुभव मराठी घरांना नवा नाही. दोष लगेच ‘रीजन कोड’ला दिला जातो. भारताचा रीजन ५ आणि अमेरिकेचा १ हे खरं आहे, पण ती कुलपं सिनेमा कंपन्यांच्या डिस्कांना असतात. घरी बनवलेल्या डिस्कला कुलूप नसतंच.

खरी अडचण पॅल आणि एनटीएससीची. आपल्याकडे टीव्हीचं चित्र ५७६ ओळींचं, सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेत ४८० ओळी आणि सेकंदाला २९.९७ चित्रं. हे आकडे आले विजेच्या तारेतून. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, तिकडची ६०. त्यांच्या निम्म्यावर टीव्ही बसवला गेला. अमेरिकेत १९५३मध्ये रंगीत टीव्हीचं मानक ठरलं, तेव्हा रंगाचा सिग्नल जुन्या कृष्णधवल सिग्नलमध्ये बसवण्यासाठी ३०चे २९.९७ करावे लागले. तेव्हापासून जगभरचे व्हिडिओ एडिटर त्या तीन शतांशांशी झगडत आहेत.

आपल्याकडचे बहुतेक प्लेअर दोन्ही पद्धती चालवतात. अमेरिकेतले पुष्कळसे फक्त तिकडचीच. म्हणून डिस्क समुद्रापार जाणार असेल तर सॉफ्टवेअरमध्ये एनटीएससी निवडा. आणि आवाजाचा पर्याय डॉल्बीचा किंवा पीसीएमचा ठेवा, कारण तिकडच्या नियमात एमपी-टू आवाजाची सक्ती प्लेअरवर नाही. कधी कधी चित्र दिसतं पण मावशीला मंगलाष्टकं ऐकू येत नाहीत, ते यामुळे.

नीरो आणि कलोझियम

डिस्क मारायच्या एका जर्मन सॉफ्टवेअरचं नाव आपल्याकडे सीडीच्या दुकानापासून कॉलेजच्या लॅबपर्यंत सगळ्यांना पाठ होतं, ‘नीरो बर्निंग रॉम’. रोम जळत असताना सम्राट नीरो फिडल वाजवत होता, या म्हणीवरची ही कोटी आहे. चिन्हात जळणारं कलोझियमही दिसतं. रोमची ती आग लागली इसवी सन ६४मध्ये. नीरो वारला ६८मध्ये. आणि कलोझियमचं बांधकाम सुरू झालं त्याच्याही नंतर, ते खुलं झालं ८०मध्ये. नीरोनं कलोझियम पाहिलेलंच नाही!

जळण्याचं म्हणाल तर डिस्कवर जाळ वगैरे काही होत नाही. आत सेंद्रिय रंगाचा एक अतिशय पातळ थर असतो, जांभळट छटा दिसते ती त्याचीच. लेझरनं तापून त्या रंगावर काळसर ठिपके उमटतात. आरडब्ल्यूमध्ये रंग नसतो, धातूंच्या मिश्रणाचा थर असतो. तो वितळून कधी स्फटिक होतो, कधी नाही, म्हणून ती पुसून पुन्हा लिहिता येते. आपल्याकडे ‘डीव्हीडी मारून दे’ म्हणतात, ते ऐकायला ‘जाळून दे’पेक्षा बरं.

चर्चगेटपासून दादरच्याही पुढे

डीव्हीडीवर एकच वाट असते, आतून बाहेर गोल गोल जाणारी. दोन फेऱ्यांमधलं अंतर ०.७४ मायक्रॉन. ही वाट सरळ ताणली तर अकरा-बारा किलोमीटर भरते. चर्चगेट ते दादर हे लोकलचं अंतर दहाच्या आसपास आहे. इतकी लांब वाट १२ सेंटीमीटरच्या तबकडीवर गुंडाळलेली आहे, तीही मधल्या १५ मिलिमीटरच्या भोकाभोवती. ते भोक आलं सीडीकडून, आणि सीडीचं भोक फिलिप्सच्या लोकांनी त्या वेळच्या डच दहा सेंटच्या नाण्याएवढं ठेवलं असं सांगतात. त्या नाण्याचा व्यास खरोखरच १५ मिलिमीटर होता.

‘सगळं छान दिसतं, शेवटची दहा मिनिटं अडकतात’ या तक्रारीचं उत्तर याच वाटेत आहे. वाट आतून सुरू होते, म्हणजे समारंभाचा शेवट डिस्कच्या बाहेरच्या कडेला येतो. बोटांचे ठसे तिथेच पडतात. डिस्क जराशी वाकली असेल तर सगळ्यात जास्त फरक तिथेच पडतो. वरून चिकटवलेला कागदी स्टिकर एका बाजूला जड झाला की हेलकावाही तिथेच जास्त. तीन गोष्टी पाळल्या तर ही तक्रार बरीचशी मिटते. डिस्क काठोकाठ भरू नका, ४.२च्या आसपास थांबा. स्टिकर लावू नका, पाण्याच्या शाईच्या मऊ पेननं नाव लिहा, तेही शक्यतो मधल्या पारदर्शक कड्यावर. आणि पुसायची असेल तर मऊ सुती कापडानं मधून बाहेर सरळ पुसा, गोल गोल नाही. गोल चरा पडला तर तो वाटेच्या बाजूनं जातो आणि माहितीचा सलग तुकडाच घेऊन जातो. आडवा चरा वाटेला जागोजागी थोडा थोडा छेदतो, आणि तेवढी तूट प्लेअर गणितानं भरून काढतो. ते गणित आयर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोघांनी १९६०मध्ये मांडलं होतं, सीडीसुद्धा जन्मली नव्हती तेव्हा.

सीडीच्या बाबतीत नावाच्या बाजूनं पडलेला चरा जास्त घातक असतो, कारण माहितीचा थर त्या बाजूच्या लाखेखालीच असतो. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन तबकड्या एकमेकींना चिकटवलेल्या, माहिती मध्ये सुरक्षित.

बिटरेटचा हिशेब

आईनं ‘तीन तासांचं लग्न एकाच डिस्कवर बसव’ म्हटलं की हा हिशेब करावाच लागतो. एक तास असेल तर दर सेकंदाला आठ मेगाबिट देता येतात, चित्र उत्तम. दोन तासांना पाच. तीन तासांना साडेतीनच्या आत, आणि मग जरीच्या साडीचे, अक्षतांचे, फुलांच्या माळांचे चौकोन दिसू लागतात, कारण बारीक नक्षी आणि पटकन हलणाऱ्या गोष्टी सगळ्यात जास्त बिट मागतात.

दुसऱ्या टोकालाही अडचण आहे. नियमानं चित्राला ९.८ मेगाबिटपर्यंत परवानगी आहे म्हणून कुणी थेट तेवढंच ठेवतो. छापील डिस्कवर ते चालतं, घरी मारलेल्या डिस्कवर प्लेअरची वाचताना दमछाक होते आणि चित्र अडखळतं. सात-आठच्या वर जाऊ नका.

जुन्या व्हीएचएस कॅसेटसाठी तर एक खास सवलत आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत असते. डीव्हीडीच्या नियमात ७२० बाय ५७६ या पूर्ण चित्राबरोबरच ३५२ बाय ५७६ हे निम्म्या रुंदीचं चित्रही चालतं. व्हीएचएसवर आडव्या बाजूला मुळातच २४० ओळींच्या आसपास तपशील असतो. म्हणजे निम्मी रुंदी घेऊन जवळजवळ काहीच हरवत नाही, आणि तीन तासांची कॅसेट एका डिस्कवर चौकोन न होता बसते.

ओठ पुढे, आवाज मागे

सुरुवातीला सगळं जुळलेलं असतं. तासाभरानं गुरुजींचे ओठ हलून जातात आणि ‘सावधान’ नंतर ऐकू येतं. कॅसेटवरून घेताना मधले काही क्षण कॉम्प्युटरनं गाळले की असं होतं. जुनी, ताणलेली, बुरशी धरलेली कॅसेट असली की सिग्नल डगमगतो आणि गाळलेल्या चित्रांची संख्या वाढते. कॅप्चर करताना बाकी सगळे प्रोग्रॅम बंद ठेवा आणि ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’चा आकडा शून्य आहे ना, ते बघत राहा.

दुसरं कारण आवाजाच्या मापाचं. ऑडिओ सीडीचा आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला असतो, डीव्हीडीला ४८,००० लागतो. आणि पुष्कळ मिनीडीव्ही कॅमेरे १२ बिटवर, म्हणजे ३२,०००वर लावलेले असायचे. या तिन्हींची सरमिसळ झाली की काही सॉफ्टवेअर गडबडतात. सनईचं संगीत सीडीवरून घेतलं असेल तर ते आधी ४८,०००मध्ये बदला. नवीन शूटिंग करणार असाल तर कॅमेऱ्याच्या मेन्यूत १६ बिट निवडा.

लेझीम थरथरतं तेव्हा

वरातीतलं बाकी सगळं ठीक, पण लेझीम खेळणाऱ्या मुलांचे हात पुढे-मागे असे थरथरतात की बघवत नाही. कारण टीव्हीचं प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांचं बनलेलं असतं, आधी एक आड एक ओळी, मग उरलेल्या. सेकंदाला ५० अर्धी चित्रं. मिनीडीव्हीत खालचं अर्धं आधी येतं, पुष्कळ ॲनालॉग कार्डांत वरचं आधी. सॉफ्टवेअरमध्ये हा क्रम उलटा लावला तर प्रत्येक हालचाल एक पाऊल पुढे, एक मागे अशी दिसते. बसलेल्या पाहुण्यांच्या दृश्यात काहीच कळत नाही, लेझीम सुरू झालं की उघड होतं. ‘फील्ड ऑर्डर’ नावाची ती एक सेटिंग बदला, बस.

वेग

डीव्हीडीचा १ एक्स म्हणजे सेकंदाला १.३८५ मेगाबाइट, सीडीच्या १ एक्सच्या नऊपट. पूर्ण डिस्कला सत्तावन्न मिनिटं लागायची. १६ एक्सवर तेच काम पाच-सहा मिनिटांत होतं आणि तबकडी मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेते. लग्नाच्या डिस्कसाठी घाई करू नका, १६ एक्सची डिस्क ८ एक्सवर मारा आणि ‘व्हेरिफाय’ची खूण लावा.

राइटर अचानक गोगलगाय झाला तर? विंडोज एक्सपीत एक लपलेली सवय होती. ड्राइव्हशी बोलताना सहा वेळा चूक झाली की ती त्याला कायमचं खालच्या, पीआयओ नावाच्या मंद गतीवर ढकलायची. एखादी चरा पडलेली डिस्क तेवढ्याला पुरे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन तो चॅनल काढून मशीन पुन्हा सुरू केलं की ड्राइव्ह पूर्ववत. कितीतरी चांगले राइटर ‘गेला’ म्हणून बदलले गेले असतील! बाहेरून जोडायचा राइटर जुन्या यूएसबी १.१च्या खाचेत लावला तरी हेच, तिचा अख्खा वेगच १ एक्सच्या आसपास होता.

रिकामी दिसणारी डिस्क रिकामी नसते

थेट छोट्या डीव्हीडीवर रेकॉर्ड करणारे कॅमेरे आठवतात? ८ सेंटीमीटरची डिस्क, १.४ जीबी, चांगल्या प्रतीत अर्धा तास. त्या डिस्का कॉम्प्युटरमध्ये टाकल्या की अनेकदा ‘कोरी’ म्हणून दिसतात आणि लोक डोक्याला हात लावतात. शूटिंग जागेवरच असतं. शेवटची पायरी, ‘फायनलाइझ’, राहिलेली असते. या पायरीत डिस्कवर अनुक्रमणिका लिहून कुलूप लावलं जातं. तोच कॅमेरा शोधा, नसेल तर तशाच जातीचा कुणाकडून आणा, त्यात डिस्क घालून फायनलाइझ करा. आणि ही छोटी डिस्क खाचेतून ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये चुकूनही घालू नका, ती आतच अडकते.

चौतीस रुपयांचा सिनेमा

कोऱ्या डिस्कांचं जागतिक कारखानदार बनलेलं एक भारतीय नाव होतं, मोझर बेअर. १९८३मध्ये दिल्लीत सुरू झालेली, नोएडात कारखाने असलेली ही कंपनी जगातल्या सर्वांत मोठ्या डिस्क उत्पादकांपैकी एक होती. २००७च्या सुमारास तिनं सिनेमांची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली, म्हणजे पायरेटेड डिस्कच्या भावात अस्सल माल. त्या किमतीनं कितीतरी घरांत पहिला डीव्हीडी प्लेअर आला असणार. २०१८मध्ये कंपनी दिवाळखोरीतून अवसायनात गेली.

वेळ थोडा आहे

फुनाई या जपानी कंपनीनं जुलै २०१६मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, ते बनवणारी ती शेवटची कंपनी होती. सोनीनं फेब्रुवारी २०२५मध्ये मिनीडीव्ही कॅसेट आणि रेकॉर्ड करता येणाऱ्या ब्ल्यू-रे डिस्कांचं उत्पादन बंद केलं. नव्या लॅपटॉपला डिस्कची खाचच नसते. आणि डिस्कमधला तो जांभळा रंग ऊन, उष्णता आणि दमटपणा यांनी हळूहळू फिका पडतो. कोकणातल्या एका पावसाळ्यात कॅसेटवर पांढरी बुरशी येते, हे ज्यानं झाकण उघडून पाहिलं आहे त्याला सांगायला नको.

म्हणून या रविवारी कपाट उघडा. यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह आणा किंवा शेजाऱ्यांकडून मागून घ्या. डिस्क पुसा, तिची पूर्ण इमेज हार्ड डिस्कवर घ्या. एका ड्राइव्हनं वाचली नाही तर दुसऱ्यात घालून पाहा, प्रत्येक ड्राइव्हची नजर वेगळी असते आणि एकानं नाकारलेली डिस्क दुसरा मुकाट वाचतो. दोन प्रती करा, दुसरी वेगळ्या घरात ठेवा. ज्या माणसाचा आवाज आता फक्त त्या डिस्कमध्येच उरला आहे, त्याची डिस्क सगळ्यात आधी घ्या. आणि नवी प्रत पहिल्यापासून शेवटपर्यंत बघून झाल्याशिवाय मूळ कॅसेट टाकू नका.